नथ्थू बिऱ्हाडेची रेकॉर्ड

पितांबर बिऱ्हाडे धुळ्याच्या एस.टी. वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होता, पण गावात त्याला सगळे रेकॉर्डवालाच म्हणत. क्वार्टरच्या दोन खोल्यांतली एक माणसांची आणि दुसरी रेकॉर्डींची, असं त्याची बायको मंदाबाई आल्यागेल्याला सांगायची. त्यात तक्रार किती आणि कौतुक किती हे ऐकणाऱ्याला कळायचं नाही.

ऐंशी सालानंतर खानदेशात कॅसेटी आल्या. हॉटेलवाले, लाउडस्पीकरवाले, तंबूतले सिनेमावाले एकेक करून रेकॉर्डी बाहेर काढायला लागले. पितांबर रविवारची एस.टी. धरून कधी चोपड्याला जायचा, कधी शिरपूरला, कधी अमळनेरला, आणि संध्याकाळी गोणपाटात बांधलेला गठ्ठा छातीशी धरून परत यायचा. लोकांच्या अडगळीतून उचललेल्या त्या रेकॉर्डी तो ओल्या फडक्याने पुसायचा, फाटक्या पाकिटाच्या जागी वर्तमानपत्राचं पाकीट चिकटवायचा, त्यावर शाईने नाव घालायचा. असं करता करता सातशेच्या वर झाल्या.

पण हा सगळा पसारा मुळात एका रेकॉर्डीभोवती जमला होता. ती त्याच्या बापाची होती. नथ्थू बिऱ्हाडेची जलसा पार्टी छप्पन-सत्तावन सालात गावोगाव फिरायची. पाच माणसं, एक ढोलकी, एक पेटी. नथ्थू गायचा, बाकीचे साथ करायचे. मुंबईच्या कुठल्याशा लहान कंपनीने त्यांचं एक गाणं रेकॉर्डीवर घेतलं होतं. विहिरीवरच्या पाण्याचं गाणं, अर्धं या बाजूला, अर्धं त्या बाजूला. थोड्याच रेकॉर्डी निघाल्या आणि कंपनी बंद पडली. पुढे पितांबर अकरा वर्षांचा असताना नथ्थू काविळीने गेला. त्याचा एकही फोटो कोणी काढलेला नव्हता. मागे उरला तो सहा मिनिटांचा आवाज. दुसऱ्या बाजूला कडवं उचलण्याआधी नथ्थू जरासा खाकरतो, तेवढंही त्यात आलं होतं. पितांबरला गाण्याइतकंच ते खाकरणं जपायचं होतं.

चौदा एप्रिलला विहारासमोर पहिली रेकॉर्ड नथ्थूची लागायची, असा वस्तीचा रिवाज होता. अठ्ठ्याऐंशी साली पोरांनी मोठे कर्णे आणले, नव्या कॅसेटी आणल्या आणि सगळी म्हणाली, "काका, हिचा आवाज लई बारीक येतो." पितांबर रेकॉर्ड पाकिटात घालून घरी आला. पुढच्या वर्षी त्याला कोणी विचारलं नाही आणि तोही गेला नाही.

त्याचा प्लेअर दुरुस्त करणारा रतिलाल शहा आग्रा रोडवर दुकान टाकून होता. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, आता रिकाम्या कॅसेटींवर गाणी भरून द्यायचा. माणूस जिवाचा होता. कुठून कुठून शोधून तो पितांबरसाठी सुया राखून ठेवायचा.

"पितांबरभाऊ, आता सुया येत नाहीत," एक दिवस तो म्हणाला. "बाकीच्यांचं जाऊ द्या. बापाची तेवढी आणा, कॅसेटीवर घेऊ. दहा मिनिटांचं काम आहे."

"कॅसेटीत आवाज पातळ होतो."

"पातळ तर पातळ. राहील तरी."

"रेकॉर्ड आहे ना माझ्याकडे धडधाकट? मग नक्कल कशाला पाहिजे?"

रतिलालने पुढच्या दोन वर्षांत हे आणखी दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा पितांबर हसून उठला. खरी गोष्ट ही होती की विहारासमोरचा तो अपमान त्याच्या मनातून गेला नव्हता. ज्या कॅसेटीने बापाला खाली उतरवलं, त्याच कॅसेटीत बापाला कोंबायला तो तयार नव्हता.

ब्याण्णव सालच्या मे महिन्यात त्याची जळगावला बदली झाली. मंदाबाई म्हणाली, "तुम्ही पुढे जा. सामान एक पाऊस पडला की हलवू. या उन्हात माणूस भाजतो." पण पितांबरला रेकॉर्डी मागे ठेवून झोप लागली नसती. त्याने पत्र्याच्या सहा पेट्या आणल्या, रेकॉर्डी कापडात गुंडाळून भरल्या. नथ्थूची रेकॉर्ड सगळ्यात तळाच्या पेटीत, दोन चादरींच्या मधे ठेवली. धक्का लागू नये म्हणून पेट्या आधी टेम्पोत लावल्या, आणि त्यांच्यावर कपाट, खाट, भांडी.

टेम्पो सकाळी नऊला निघाला आणि पारोळ्याच्या अलीकडे बंद पडला. ड्रायव्हर सुट्या भागासाठी दुसऱ्या गाडीने धुळ्याला परत गेला तो चार वाजता आला. रस्त्यावर झाड एकच होतं, लिंबाचं, आणि ते टेम्पोपासून लांब. मंदाबाई आणि पितांबर त्याच्याखाली बसून राहिले. डांबर वितळून चपलांना लागत होतं. मंदाबाई दोनदा म्हणाली, "अहो, ती तुमच्या वडिलांची तेवढी काढून इकडे आणा ना."

"तळाला आहे. सगळा टेम्पो रिकामा करावा लागेल. आणि पेटीत काय ऊन लागतंय?"

आयुष्यभर पत्र्याच्या बसमध्ये वायरी जोडलेला माणूस तो. मे महिन्यात बंद बसमध्ये हात लावला तर फोड येतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तरीही तो असं बोलला, आणि बोलल्यावर त्याला ते खरंही वाटलं. रस्त्याने जाणाऱ्यांना हात जोडून कपाट उतरवून घ्यायचं, आणि कशासाठी, तर एका जुन्या रेकॉर्डीसाठी, हे त्याला लाजेचं वाटलं होतं.

जळगावात पेट्या उघडल्या तेव्हा पहिल्या पेटीतूनच लाखेचा वास आला. रेकॉर्डी तव्यावरच्या पापडासारख्या वळल्या होत्या. काही एकमेकींना चिकटल्या होत्या. मधल्या दोन पेट्यांतल्या थोड्या वाचल्या, बाकी गेल्या. नथ्थूची रेकॉर्ड त्याने शेवटी काढली. ती फुटलेली नव्हती, आवाजाचे चरेही शाबूत होते. फक्त एका बाजूने उचलली गेली होती, जसा पानाचा देठ सुकताना वर येतो. प्लेअरवर ठेवली तर सुई दोन शब्द धरायची आणि उडायची. बापाच्या तोंडून दोन शब्द, मग खट्, मग भलतेच दोन शब्द.

"आता हात लावू नका," मंदाबाई म्हणाली. "रतिलालभाऊंना दाखवू."

पण त्याला धीर नव्हता. त्याने खिडकीच्या दोन काचा काढल्या, रेकॉर्ड मधे ठेवली, वर पाटा ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी कामावरून येऊन बघितलं तर थोडी सपाट झाल्यासारखी वाटली. त्याने वर वरवंटाही ठेवला आणि हाताने हलकेच दाबलं. आवाज अगदी लहान झाला, सुपारी फुटावी तसा. रेकॉर्डीचे मधोमध दोन तुकडे झाले होते.

मंदाबाई स्वयंपाकघरातून आली, बघितलं आणि पुन्हा आत गेली. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही.

आठ दिवसांनी पितांबरला आठवलं की कंपनीने पार्टीतल्या पाचही जणांना एकेक रेकॉर्ड दिली होती. बापासकट चौघं वारले होते, बाकी तिघांच्या घरी रेकॉर्ड उरली नव्हती, हे त्याला माहीत होतं. उरला आधार मोरे, पिंपळनेरचा. आधारनाना झीलकरी होता, म्हणजे नथ्थूच्या ओळीमागे सूर धरून पालुपद म्हणणारा. पितांबरने रजा टाकली. वाटेत धुळ्याला उतरून तो रतिलालच्या दुकानात गेला.

झालेलं सगळं ऐकून रतिलाल उठला. मग त्याने कपाटातला टेपरेकॉर्डर काढला, नवी कोरी कॅसेट घातली, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं आणि म्हणाला, "रेकॉर्ड मिळाली तर घेऊन या. म्हाताऱ्याने देत नाही म्हटलं, तर तिथेच त्यांच्या मशीनवर वाजवून यात भरून घ्या." मागचं त्याने काहीच काढलं नाही. त्याने काढलं असतं तर पितांबरला हलकं वाटलं असतं.

पिंपळनेरच्या वस्तीत आधारनानाचं घर सापडायला वेळ लागला नाही. सून द्रौपदाबाई ओट्यावर मिरच्या निवडत होती. रेकॉर्डीचं विचारल्यावर ती ओशाळली.

"भाऊ, त्या काळ्या थाळ्या ना? वाजवाले मशीनच नव्हतं घरमा. गरम पानीमा बुडवं की त्या नरम पडतात. हॉटेलवालानी फेकेल दोन-तीन आनि आम्हनी एक, मन्ही सासूनी वाडगा करी ठेवेल व्हत्या. एकच उरेल शे."

मिरच्या ज्यात होत्या तेच वाडगं तिने रिकामं करून त्याच्या हातात दिलं. काठाला झालरीसारख्या मुरड्या होत्या. बुडाशी लाल कागद अजून चिकटून होता आणि त्यावर उडालेली अक्षरं होती: नथ्थू बिऱ्हाडे आणि पार्टी. पितांबरने बोट फिरवलं. चरे बोटाला लागत होते.

"लई जा ना भाऊ," द्रौपदाबाई म्हणाली. "तुमना बापनी वस्तू शे."

आतून म्हातारा आवाज आला, "कोन शे?"

आधारनाना खाटेवर होता. ऐंशीच्या पुढचा, डोळ्यांनी अधू, कानाला ओरडून सांगावं लागत होतं. नथ्थूचा मुलगा आलाय म्हटल्यावर तो उठून बसला, पितांबरचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं.

"नथ्थूना पोऱ्या! तुन्हा बाप काय गाये रे! मी नुसता झील धरू."

पितांबरला एकदम आशा वाटली. त्याने टेपरेकॉर्डर खाटेवर ठेवला, बटण दाबलं आणि नानाच्या कानाशी ओरडला, "नाना, ते पाण्याचं गाणं म्हणा!"

नाना हसला. मांडीवर ठेका धरला, मान थोडी तिरकी केली आणि थांबला. बराच वेळ ठेका नुसताच चालला. मग त्याने वर सूर लावला, "पानी आम्हनं बी शे, जी जी, पानी आम्हनं बी शे." पुन्हा थांबला. पुन्हा नुसता ठेका. मोजून तेवढाच वेळ गेल्यावर पुन्हा तीच ओळ. पितांबरला कळलं. म्हातारा गाणं म्हणतच होता, पूर्ण, पहिल्यापासून शेवटपर्यंत, फक्त स्वतःच्या वाट्याचं. मधल्या मोकळ्या जागा नथ्थूच्या होत्या.

"मुखडा, नाना! मुखडा काय होता?"

"तो तुन्हा बाप म्हने. मी कसा म्हनू?" नाना म्हणाला, आणि थोड्या अधीरपणे, "गाय ना तू! तुले येत नही का?"

पितांबरला शब्द येत होते. पस्तीस वर्षं ऐकलेलं गाणं होतं. त्याने तोंड उघडलं आणि पहिली ओळ म्हटली. नानाचा ठेका अडखळला. तो कान देऊन ऐकत राहिला आणि मग त्याने मान हलवली.

"हाऊ नथ्थू नही," तो कोणालाही उद्देशून नाही असं म्हणाला. मग दाराकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली, "नथ्थू! ए नथ्थू! लोके वाट दखी रायनात!"

हाक त्याने पाच-सहा वेळा मारली. मग परत ठेका धरला, ओळ म्हटली, थांबला, दाराकडे बघत राहिला. द्रौपदाबाई आत आली, त्याला पाणी पाजायला लागली, तर त्याने हाताने भांडं बाजूला सारलं.

पितांबर टेपरेकॉर्डर उचलून उठला. जाताना वाडगं त्याने ओट्यावर मिरच्यांजवळच ठेवलं. द्रौपदाबाई त्याच्यामागे ओट्यापर्यंत आली. ती रागावली नव्हती, फक्त दमलेली दिसत होती.

"भाऊ, सगळं इसरी जायेल व्हतात त्या. रातले शांत झोपेत. आते किती दिन बलावतीन त्याले, काय सांगू."

पितांबर ओटा उतरला. मागे घरात म्हाताऱ्याने पुन्हा हाक मारली. स्टँडवर येऊन बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की कॅसेट अजून फिरतेच आहे. त्याने ती बंद केली नाही. साक्रीची गाडी लागली, लोकांमागून तोही चढला, कंडक्टरने दार ओढलं, आणि मधे कधीतरी फीत संपून बटण आपोआप वर आलं.