व्हिएतनामी उखाणा

गाळणी. चहाची, स्टीलची, किमतीचा कागद दांड्याला अजून चिकटलेला — रंजितानं हळदीकुंकवाचं वाण म्हणून ती हातात ठेवली आणि शर्वाणी त्या बारीक जाळीकडेच बघत राहिली, कारण मान वर केली की कुणीतरी विचारणारच होतं, काय ग, कधी निघतेस?

अल मजाजच्या या टॉवरमधल्या झाडून सगळ्या मराठी बायकांना ठाऊक होतं, शर्वाणी व्हिएतनामी शिकते. लग्न करून मिरजेहून शारजाला आली, बॅगा पुरत्या उघडल्याही नव्हत्या, तोच कंपनीनं नवऱ्याला, विघ्नेशला, व्हिएतनामात हायफाँगच्या गोदामावर धाडलं. जाताना म्हणाला, तू भाषा शिकून घे, तोवर मी घर बघतो. झालं, बसली ही शिकायला. फोनमध्ये लान नावाची हसरी मास्तरीण, आणि एकच अक्षर कधी चढ्या सुरात, कधी पडत्या, कधी मध्येच ठेचकाळत… गाण्याच्या क्लासमधून पळून आलेली मी, आणि देवानं असा सूड उगवला. खाली लगूनच्या पाण्याकडेनं चालतानाही तिचे ओठ हलायचे. लोक वळून बघायचे. बघोत बापडे.

आणि यातच कधीतरी — तिला कळलंही नाही — ती या गावाची होत गेली. अक्रमच्या दुकानात ताजा कढीपत्ता कधी येतो, कुठली लिफ्ट मध्येच अडकते, पाणीवाल्याला यल्ला यल्ला करत कसं हाकायचं, सगळं अंगवळणी पडलं. पण पडदे मात्र लावले नाहीत. कशाला लावायचे, जायचंच तर आहे… आणि मग दुपारचं ते पांढरं ऊन थेट पलंगापर्यंत यायचं, एकाच उशीवर पडायचं.

आज सकाळी विघ्नेशचा फोन आला. प्रोजेक्ट वाढलंय म्हणाला, आणि मग सहज, भाजीचा भाव सांगावा तसं — "घराचं राहू दे ग सध्या. तुला इथं करमायचं नाही. तिथं तू आता सेटल झालीयस की."

ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, जेवलास का? आमच्या मिरजेच्या घरी आई बाबांना एवढंच विचारायची, त्यातच सगळं आलं असं धरून चालायचं. तुझी आठवण येते, असं कुणी कुणाला म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. मराठीत ते शब्द आहेत, पण माझ्या तोंडाला त्यांची सवय नाही. तो हो म्हणाला, फोन ठेवला, आणि तिला इतका राग आला की हातातलं दूध ओट्यावर सांडलं तरी ती नुसती बघत राहिली.

"नाव घे ग," रंजिताच्या सासूबाई, प्रभावतीकाकू म्हणाल्या. त्यांच्यापुढे कुणाची सुटका नसते. आणि कुणीतरी मागून टूम काढली, व्हिएतनामीतच घेऊ दे की. सगळ्यांना ते भलतंच आवडलं. रंजितानं व्हिडिओ घ्यायला फोन वर धरला. तिचा नवरा आणि विघ्नेश एकाच कंपनीतले.

शर्वाणी उभी राहिली. उखाणा कुठला जुळवणार? धड्यातली दोन वाक्यं होती, लाननं सतरांदा घोटून घेतलेली, आणि तीच सूर न चुकता बाहेर पडली — "विघ्नेश ओई, एम न्यो आन्. आन् को न्यो एम खोंग?"

विघ्नेश, मला तुझी आठवण येते. तुला येते का माझी?

टाळ्या पडल्या. अर्थ काय, अर्थ काय… तिनं ठोकून दिलं, सगळ्यांच्या घरी सुख नांदो. "किती स्वीट," रंजिता म्हणाली, "पाठवते हं विघ्नेशला."

त्याला कुठं येते ती भाषा? वर्ष होत आलं, थँक यूच्या पुढे गाडी नाही, ऑफिसात इंग्रजीवर भागतं म्हणतो. बघेल, हसेल, अंगठा पाठवेल. आणि सोमवारी ऑफिसात, गंमत म्हणून, शेजारच्या टेबलावर फोन सरकवेल — बघ, माझी बायको काय म्हणतेय. ते तिथलं, परकं माणूस ऐकेल. मग त्याच्या तोंडाकडे बघत सांगेल…

थांब म्हणायला तिनं तोंड उघडलंच होतं.

"पाठव," ती म्हणाली.

काकूंनी तळहातावर तिळगूळ ठेवला, तो तिनं तसाच मुठीत धरला. बायका पुढच्या उखाण्याकडे वळल्या होत्या. आता भीती वाटत होती, सकाळी वाटली नव्हती एवढी. तो काय म्हणेल याची, आणि काहीच म्हणाला नाही तर त्याचीही. पण पाठवलेलं परत मागावंसं तिला वाटत नव्हतं. सोमवार यायला अजून सगळा रविवार पडला होता.