उपसरपंचपदासाठी थायलंड

मेंबरांची फोडाफोडी सुरू झाली की आमच्याकडं मेंबरांना सहलीला नेतात. म्हणजे कोंडूनच ठेवतात, पण जेवण चांगलं असतं. अमरसिंहदादांना उपसरपंच व्हायचं होतं आणि विरोधात हरिओम होता. गोव्याला नेलं असतं तर हरिओम गाडी घेऊन पोचला असता, म्हणून दादांनी थायलंड काढलं. तिथं व्हिसा लागत नाही म्हटल्यावर तो देश आपणच वसवल्यासारखं ते बोलू लागले.

दादांना मतं हवी होती पाच महिला मेंबरांची. म्हणून त्यांनी पाच नवरे उचलले. यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही. आमच्यात मीटिंगला नवरे बसतात आणि बायका घरी सह्या करतात. मेंबर माझी रोहिणी, पण गाव मलाच मेंबर म्हणतं आणि मीही ओ देतो.

पटायाचा समुद्र चार दिवस बरा वाटला. मग आमच्या पाचांतल्या धोंडीरामनं भाकरीचा धोशा लावला. तशात निवडणुकीला कोर्टाची स्थगिती आली, ती काही उठेना, आणि आमची बिनव्हिसाची मुदत संपत आली. "एवढंच ना? वाढवून घेऊ," असं म्हणून दादा सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून, तहसीलला जावं तसे, एकटेच इमिग्रेशनच्या हापिसात गेले. तिथल्या बाईंना त्यांनी आमदारांबरोबरचा फोटोही दाखवला. बाईंनी तो कौतुकानं पाहिला आणि सांगितलं, ज्याला राहायचंय त्यानं स्वतः यायचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे रांगेत. "अजून कशाला राहायचंय?" हे बाईंनी हिंदी जाणणाऱ्या एजंटाकरवी विचारलं.

"उपसरपंचाचं ठरंना म्हणून," धोंडीराम खरं बोलला.

एजंटानं बाईंना काय सांगितलं देव जाणे, पण महिनाभर मुदत वाढली.

मी घरी फोन केला. कापूस वेचणीला आला होता, मजूर मिळत नव्हते. मुदत वाढल्याचं ऐकून रोहिणी नुसतं "बरं" म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी त्या "बरं"चा अर्थ मला कळला नाही. बाकी चौघांनाही घरून तेवढंच उत्तर आलं.

एकदाची स्थगिती उठली. दादा एकटेच गावी परतले. हरिओमनं आम्हाला गाठू नये म्हणून मतदान होईतो आम्हाला, सोबत आणलेल्या आपल्या मेव्हण्याच्या पहाऱ्यात ठेवलं. "हात कुणासाठी वर करायचा ते बायकांला फोनवर सांगा," एवढं बजावून गेले. आम्ही सांगितलं. पाचही जणी "हो" म्हणाल्या.

मतदानादिवशी दुपारी दादांचा फोन आला. धोंडीरामची विजयमाला उपसरपंच झाली होती. पाचही हात तिच्यासाठी वर गेले होते, आणि दादांनी आणलेला गुलाल तिच्याच अंगावर पडला होता.

"बायका ऐकत न्हाईत आन मेंबर म्हणून मिरवता व्हय बे!" दादा कडाडले.

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर रागापेक्षा लाज जास्त वाटली. मी रोहिणीला फोन लावला.

"मला इचारल्याबिगर हात कसा वर केलास?"

"मेंबर मी हाय," ती म्हणाली. "तुमी गेल्यापास्नं मीटिंगला बी आमीच बसतो. तुमी तर म्हणायचा, लई अवघड असतं."

मी म्हणालो, "मग आता येऊ का आमी?"

"या की सावकाश. हितं तुमच्यावाचून काय बी अडलं न्हाई."