सुतारकाकांची शेगडी

सुतारकाकांना आपल्या शेगडीचा भारी अभिमान. कारखान्यात उरलेले लाकडाचे तुकडे घरी आणायचे आणि थंडीभर जाळायचे. धूर धुराड्यातून वर गेला की त्यांच्या लेखी संपला.

वरच्या मजल्यावर बस चालवणारी बाई राहायची. तिच्या लेकीला दमा. एक दिवस ती खाली आली आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, ''काका, तुमचा धूर आमच्या घरात येतो. पोरीला झोप नाही.'' काकांनी तिलाच सुनावलं, की धूर ओकणारी बस चालवतेस आणि मला कसलं शहाणपण शिकवतेस? तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

पुढे गारठा वाढला, वारा पडला आणि घराघरातला धूर शहरावरच साचून राहिला. एका सकाळी काकूंचा नेहमीचा खोकला थांबेचना. धाप लागली, ओठ निळे पडले. काका जिन्यात येऊन मदतीसाठी ओरडू लागले. त्यांच्या हाका ऐकून ड्रायव्हरबाई धावत आली, काकूंना धरून जिना उतरवला, आपल्या गाडीत घातलं आणि थेट दवाखाना गाठला.

औषधाची वाफ दिल्यावर काकू जरा सावरल्या. घरात सिगारेट कोण ओढतं, असं डॉक्टरांनी विचारलं. कुणीच नाही. मग घर कशावर तापवता? लाकडावर, असं सांगताना काकांचा आवाज खाली गेला. धुरातले बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात, डॉक्टर म्हणाले; शेगडीचं दार उघडलं की ते खोलीत पसरतात आणि बाहेर गेलेले शेजाऱ्यांच्या छातीत जातात.

''एवढी वर्षं मी खोकतेय ते तुम्हाला दिसलं नाही,'' काकू पडल्या पडल्या म्हणाल्या, ''धुराचा त्रास परक्या बाईला कळला.''

काकांनी शेगडी विझवली ती कायमची. विजेचा हीटर आणला, काकूंना घरी आणलं आणि रंधा घेऊन वर गेले. धुरापायी महिनोन्महिने बंद राहून तिथली खिडकी चौकटीत घट्ट बसली होती.

''पोरी, तू भांडण विसरून धावत आलीस म्हणून ही वाचली,'' ते म्हणाले. ''दवाखान्यात शेगडीचं नाव निघालं, तेव्हा तुझेच शब्द आठवले. तुझे उपकार कसे फेडू?''

''आधी खिडकी उघडा,'' ती हसून म्हणाली.

रंधा फिरला, लाकडाचा कीस पडला तसा तो लेकीनं गोळा केला, आणि खिडकी सरकली. त्या दिवशी छान वारा सुटला होता.