तुल्गाचा वर्ग

"आता कंस उघडा," दुलमाबाईंनी वहीतून मोठ्याने वाचलं, "आत अंक लिहा, कंस बंद करा. आणि दुलमाबाई, ती खिडकी लावा, धूळ येतेय."

सगळा वर्ग खो खो हसत सुटला. बाई खरोखरच खिडकीकडे दोन पावलं निघाल्या होत्या. लक्षात आलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले. मागच्या बाकावरच्या खांडमा मॅडम मात्र हसल्या नाहीत. शिक्षण खात्याच्या या अधिकारी जिल्ह्याच्या गावाहून तीन तास जीपमध्ये आदळत आल्या होत्या आणि येताना रिकामी खोकी घेऊन आल्या होत्या. शिकवणारं माणूस नसेल तर सोळाच्या सोळा संगणक उचलायचे, असा हुकूम होता.

माणूस नव्हतंच. तुल्गामास्तर दीड महिन्यापूर्वी दक्षिण कोरियात गेला, गाड्यांचे आरसे बनवणाऱ्या कारखान्यात. त्याच्या आधीचे तिघे असेच गेले, दोघे उलानबातरला आणि एक थेट परदेशात. त्यांचं बाईंना फारसं काही वाटलं नव्हतं. परकी माणसं, आली आणि गेली. तुल्गा गावचा होता. सातव्या वर्षी वसतिगृहात रडत आला तेव्हा त्याच्या देलची, लांब अंगरख्याची, फाटकी बाही बाईंनीच शिवून दिली होती. शिकून परत आला, चार वर्षं टिकला, तेव्हा हा काही आता जायचा नाही, असं सगळे धरूनच चालले होते. दुसरं मूल झालं आणि पगारात भागेना, यात त्याचा तरी काय दोष? बाईंनी रीतीप्रमाणे त्याच्या गाडीमागे पळीभर दूध शिंपडलं. परत कधी येशील, हे विचारायचा धीर मात्र झाला नाही. विचारायला हवं होतं, असं त्यांना नंतर रोज वाटायचं.

बाईंचा विषय शिवण. संगणक मांडले ते त्यांच्याच खोलीत, कापडाची कपाटं भिंतीला सरकवून. तुल्गा जाणार हे कळल्यावर त्या महिनाभर मागे बसून त्याचा तास उतरवून घेत राहिल्या. त्यातलं शिकवणं कुठलं आणि सहज बोलणं कुठलं, हे त्यांना काही केल्या कळेना, म्हणून त्यांनी सगळंच लिहून घेतलं. खोकला तेवढा सोडला.

"बाई, माझं चालतच नाहीये!" मुंखजिन ओरडली. "लाल अक्षरं आली नुसती."

बाईंनी वही पुढे चाळली, मागे चाळली.

"वहीत नाही गं."

"मग आता?" खांडमा मॅडमनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"मला माहीत नाही, मॅडम."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. बाई मुंखजिनच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, चष्मा पुसला, आणि एकदम म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात तुझी कॉलर वाकडी बसली होती. काय केलंस?"

"उसवली."

"सगळी?"

"सगळी कशाला? शेवटून. टाका नीट लागेपर्यंत."

"मग उसव की! माझं तोंड काय बघतेस?"

मुंखजिन शेवटून एकेक ओळ काढू लागली. एक काढायची, चालवून बघायची. चौथी ओळ काढली आणि पडद्यावर आकडे सरसर उमटले.

"हा बघा मेला! बाई, इथे कंस उघडाच राहिला होता!"

तास संपायच्या आत मॅडम उठल्या. "पाच शाळांतून खोकी भरून नेलीत मी," त्या दाराशी हळूच म्हणाल्या. "तिथे 'मला माहीत नाही' म्हणायलासुद्धा कुणी नव्हतं. संगणक जूनपर्यंत राहू देत. पण जूनमध्ये मी परत येणार हं, बाई."

"या की. चहाला या."

जीप गेली आणि बाई मटकन खुर्चीत बसल्या. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर तुल्गा, निळी टोपी, वाळलेला चेहरा. त्याची जेवणाची सुट्टी होती.

"तासाला आहात होय? मग ठेवतो, बाई."

"ठेवून तर बघ!"

"कोण शिकवतंय?"

"तूच शिकवतोयस. मी नुसती वाचते."

तो हसेल असं त्यांना वाटलं होतं. तो हसला नाही. "इथे कुणाला माहीत नाही, बाई, मी मास्तर होतो ते," तो म्हणाला.

फोनमध्ये हात घालून याला कानाला धरून घरी आणावं, असं बाईंना वाटलं.

"पोरांनी काय लिहिलंय? दाखवा ना," तुल्गा म्हणाला.

त्या एकेका पडद्यासमोर फोन धरत चालल्या. तुल्गा ओठ हलवत प्रत्येक ओळ वाचत होता. कुणाला शाबास म्हणत होता, कुणाला "अरे, अंतर सोड" म्हणत होता. पोरं त्याच्याकडे बघून हात हलवत होती, त्याचं मात्र अक्षरांवरून लक्ष हलत नव्हतं. मग तिकडे भोंगा झाला. त्याच्या मागून कुणीतरी परक्या भाषेत ओरडलं, आणखी एकदा ओरडलं.

"जा रे बाबा, बोलावताहेत तुला."

"किती राहिले, बाई?"

"चार."

"दाखवा."

बाईंनी फोन पुढच्या पडद्यासमोर धरला, आणि तो हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने स्वतःचं मनगट घट्ट धरून ठेवलं.