चुन्याच्या खुणा

गाडीच्या इंजिनातली टायमिंगची चेन बदलताना गिअर जागच्या जागी धरणारं हत्यार केसरीनाथकडे नव्हतं. म्हणून त्याने तंबाखूच्या डबीतल्या चुन्याने, परत बसवताना तेच दात जुळावेत यासाठी, गिअरच्या जुळणाऱ्या दातांवर खुणा केल्या, गिअर काढून अंगणात पोत्यावर ठेवले आणि नवी चेन आणायला धामणकर नाक्यावर गेला.

परतला तेव्हा पोत्यावर गिअर लखलखत होते आणि प्रत्येक दातावर कुंकू होतं.

“माझ्या खुणा कुणी पुसल्या?”

“खुणा? मला वाटलं, घाण हाय,” त्याची बायको हौसा म्हणाली. “दसरा हाय आज. रॉकेलनं धुतले नि पुजले. एक दात सोडला न्हाय!”

केसरीनाथने चपला काढल्या आणि गाडीला हात जोडले. आता तेवढंच हातात उरलं होतं.