काढून ठेवलेली कडी

बाथरूममध्ये शिरलात की तुम्ही मला न बघताच सरकवता. मी दाराची आतली कडी. आज जरा माझं ऐका.

कारखान्यात ठोकून, मुलामा देऊन मला घडवलं आणि जोगेश्वरीच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून भीमराजनं मला घरी नेलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. वस्तीतली झोपडी जाऊन सातव्या मजल्यावर घर मिळालं होतं. चार स्क्रू पिळून त्यानं मला स्वतः बसवलं. त्याची मुलगी संघमित्रा तेव्हा सात वर्षांची. तोवर तिनं फक्त वस्तीतला सार्वजनिक संडास पाहिला होता. "पप्पा, आपली स्वतःची कडी!" म्हणत तिनं मला वीसेक वेळा मागंपुढं केलं.

माझ्याआड माणसं काय काय करतात! भीमराज साहेबाला सुनवायची वाक्यं आरशात पाठ करायचा. बाहेर ती कधीच म्हणायचा नाही. त्याची बायको मीरा नळ सोडून रडून घ्यायची आणि तोंड पुसून भाकऱ्या थापायला जायची.

संघमित्रा दहावीत गेली आणि काहीतरी बिनसलं. दिवसाला पाच-पाच अंघोळी. आरशासमोर भाषणं, इतकी भरभर की शब्दावर शब्द आदळायचे. बिल्डिंगमधल्या सगळ्या पोरांना फुकट शिकवणार म्हणून तिनं मजल्यामजल्यावर कागद चिकटवले. शेजारी म्हणाले, "पोरगी झकास आहे हां!" पोरं दाराशी जमली. मीरानं त्यांना परत पाठवलं, तशी संघमित्रानं आईच्या थोबाडीत मारली. मीरा तोंड धुवायला आत आली, तेव्हा गालावर बोटं उठली होती.

मग सगळं एकदम थांबलं. अकरा दिवस ती अंघोळीला आली नाही.

बाराव्या दिवशी दुपारी आली. मला लावलं. नळ सोडला नाही. भिंतीला टेकून खाली बसली.

"मित्रा, दार उघड गं," बाहेरून मीरा म्हणाली.

मीरानं दार बडवलं.

"मित्रा! काहीतरी बोल ना!"

भीमराज जेवायला घरी आला होता. त्यानं खांदा मारला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मी वाकले आणि सुटले. तिच्या हातात काय होतं ते मी सांगणार नाही. तिनं ते अजून वापरलं नव्हतं, एवढंच.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. मन कधी उधळतं, कधी तळाला जातं. "हे तिचे नखरे नाहीत, तुमचं वळणही चुकलं नाही. गोळ्या चुकवू नका, रक्त तपासत राहा. आणि सध्या तिला एकटं ठेवू नका."

भीमराजनं मला ठोकून सरळ केलं, पण दाराला लावलं नाही. ओट्याखालच्या हत्यारांच्या पेटीत टाकलं.

तिथून मी ऐकत राहिले. त्याची बहीण आली. "वहिनी, घरात वयात आलेली पोरगी, आणि बाथरूमला कडी नाही?"

"ताई, बादली लावा दाराला," मीरा म्हणाली.

संघमित्रा आत गेली की मीरा बाहेर स्टूल टाकून बसायची. दर दोन मिनिटांनी हाक. "मित्रा?" आतून उत्तर, "आहे."

एकदा ती ओरडली, "कैदी आहे का मी? दोन मिनिटं एकटी राहू दे ना!"

"नाही राहू देणार. शिव्या दे मला, पण बोलत राहा."

आठ महिने असे गेले. परवा संघमित्रा म्हणाली, "पप्पा, कडी लाव ना आता. मी बरी आहे."

भीमराजनं मला बाहेर काढलं, दाराला धरलं. लिफ्टच्या खड्ड्यात लोंबकळून काम करणारा माणूस, पण त्याचा स्क्रू-ड्रायव्हर तीनदा घसरला.

"दे इकडे," म्हणत तिनं मला घेतलं. मला वाटलं, आता हीच मला लावणार. पण ती मला मुठीत धरून नुसती उभी राहिली.

"राहू दे, पप्पा," ती हळूच म्हणाली. "चार दिवस झाले, डोकं पुन्हा भरभर चाललंय. सांगितलं नाही मी."

भीमराजनं तिला जवळ घेतलं. मीरानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

तेव्हा मी परत पेटीत. कडेनं गंज धरू लागलाय. मला घाई नाही. तुम्हाला मात्र एकच सांगते. तुमच्या घरात बंद दारामागचा आवाज थांबला, तर शेजारी काय म्हणतील याचा विचार करत बसू नका. दार तोडा. कड्या दुकानात मिळतात.