मागचा डावा स्पीकर

आईच्या टीव्हीला आवाज होता, पण शब्द नव्हते. हे आईचंच म्हणणं. "नुसता गोंगाट ऐकू येतो, माणसं काय बोलतात ते कळत नाही," असं ती गेली काही वर्षं सांगत होती. तिच्या दोन्ही मुलांनी त्यावर आधी टीव्ही बदलला. तरी शब्द येईनात. मग धाकट्याने साउंडबार आणला, टीव्हीखाली ठेवायची ती लांबलचक पट्टी. आईने तोंडभर कौतुक केलं आणि आठवड्याभरात टीव्हीचा आवाज पुन्हा एवढा मोठा केला की शेजारच्यांना मालिका बघायला स्वतःचा टीव्ही लावायची गरज उरली नाही. आता थोरली लेक हट्टाला पेटली होती. तिने रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा डबा, आणि पाच स्पीकर मागवले आणि शनिवारी दुपारी फिटरला बोलावलं.

थोरलीच्या हट्टाला कारण होतं. तिची बाळंतपणाची रजा संपली होती. सोमवारपासून ती कामावर जाणार आणि गोटू, म्हणजे तिचं नुकतंच रांगायला लागलेलं पोर, दिवसभर आईपाशी राहणार. पाळणाघराचा विषय निघाला तेव्हा आईने साफ सांगितलं होतं, "मी जिवंत असताना माझा नातू परक्यांच्या हातात द्यायचा नाही." मागच्या महिन्यात एक दिवस रंगीत तालीमही झाली होती. त्या दिवशी नेमका गोटूला ताप भरला, तरी आई म्हणाली, "एकदासुद्धा रडला नाही गं, गुणी आहे." घसा तेवढा बसला होता त्याचा. डॉक्टर म्हणाले, तापात होतं असं. एकूण काय, आईवर भरवसा होता, भरवसा नव्हता तो टीव्हीवर. त्या दणदणाटात लेकरू झोपणार कसं? आवाज कमी आणि शब्द स्वच्छ, एवढंच थोरलीला हवं होतं.

फिटर बोलका होता. बोलका म्हणजे, एक स्क्रू पिळला की दोन गोष्टी सांगायचा. खोक्यातून रिसीव्हर काढून त्याने टीव्हीखालच्या फळीवर ठेवला, तोच धाकटा मध्ये पडला.

"माझा बार काढायचा नाही. मधला स्पीकर म्हणून तोच जोडा."

"साहेब, नाही जोडता येत. बारच्या पोटात स्वतःचा अँप्लिफायर असतो, रिसीव्हरच्या पोटात त्याचा. याची वायर त्याला लावली तर बार जळेल तुमचा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत."

"मग बारला टीव्हीतून वेगळी वायर द्या, आणि रिसीव्हरला वेगळी."

"देतो की. मग दोघं एकदम बोलतील आणि एक जरासा मागून बोलेल. सासू-सुना एकाच वेळी तक्रार सांगायला लागल्या की कसं होतं? तसं."

धाकट्याचं तोंड उतरलं. त्याच्या पहिल्या पगारवाढीचा बार होता तो. बहिणीकडे पाठ करून तो पुटपुटला, "ताईला प्रत्येक गोष्टीत वरचढ व्हायचं असतं."

"काय पुटपुटतोस?" आई खुर्चीतून म्हणाली. "कितीदा सांगितलं, बोलायचं तर तोंड इकडे करून बोलावं. पाठ करून बोलणं हे काय वळण झालं?"

हे आईचं नवीन खूळ होतं. हल्ली ती वळणाच्या बाबतीत फार कडक झाली होती. फोनवरसुद्धा नुसतं बोलायला ती तयार नसे, चेहरा दिसला पाहिजे. "तोंड बघितल्याशिवाय समाधान होत नाही," म्हणायची. दोघं मुलं हसायची. वय झालं की माणूस मायाळू होतं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

शेवटी बार खोक्यात गेला आणि फिटर वायरी टाकायला लागला. पुढचे तीन स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना आणि मध्ये, मागचे दोन आईच्या खुर्चीच्या मागे, कोपऱ्यांत स्टुलांवर. भिंतीच्या कडेने वायर सरकवत तो गुडघ्यांवर चालला होता. मध्येच त्याने एक पांढरी सुतळी उचलून धरली. ती आतल्या खोलीच्या दाराखालून येत होती आणि आईच्या खुर्चीपाशी गेली होती.

"ही आमची नाही. कापू का?"

"हात लावू नका तिला," आई एवढ्या चटकन म्हणाली की फिटरच्या हातातून सुतळी खाली पडली. मग ती हसली. "पाळण्याची आहे हो."

"बसल्या जागी झोका देते," थोरलीने समजावलं. गोटू आत पाळण्यात झोपला होता. आईच्या युक्तीचं तिला कौतुकच होतं.

सगळं जोडून झालं. फिटरने टीव्ही लावला. पडद्यावर खोलीचं चित्र आलं, त्यात पाच स्पीकरच्या जागी पाच चौकोन. "आता रिसीव्हर एकेका स्पीकरमधून आवाज सोडणार, खरखर, पाऊस पडल्यासारखी. बसणार आजी, तर ऐकणारही आजीच. आजी, आवाज आला की हात वर करायचा आणि कुठून आला ते सांगायचं. बाकीच्यांनी गप्प."

आईला हा खेळ आवडला. ती खुर्चीत सरळ बसली. थोरली मागच्या डाव्या स्पीकरला टेकून फरशीवर बसली.

खरखर सुरू झाली. आईचा हात वर. "पुढून डावीकडून." मग, "मधून." मग, "पुढून उजवीकडून." मागचा उजवा स्पीकर खरखरला. "मागून उजवीकडून," आई म्हणाली. फिटर खूश होऊन मान डोलवत होता.

मग सगळं शांत झालं.

आईचा हात वर गेला. "आला. मागून डावीकडून. अगदी स्वच्छ."

थोरलीचा खांदा त्या स्पीकरला टेकलेला होता. त्यातून हूं नव्हतं का चूं नव्हतं. तिने वाकून मागे पाहिलं. वायरचं तांब्याचं उघडं टोक फरशीवर पडलं होतं.

"अहो, याची वायर लावलीच नाहीत तुम्ही."

"अरेच्चा. राहिलीच की." फिटर खो खो हसला. "आजींचे कान फार तिखट, वायरीच्या आधी आवाज पोचतो."

धाकटाही हसला. आई हसली नाही. तिने फिटरच्या तोंडाकडे पाहिलं, मग धाकट्याच्या, आणि मग ती हसली. सगळ्यांच्या मागून, एकटीच.

काय झालं ते थोरलीला नीट कळलं नव्हतं. तिने पडद्याकडे पाहिलं. ज्या स्पीकरची पाळी असे त्याचा चौकोन निळा होत होता. पुढचा डावा निळा. मधला निळा. नुसतं बघून कोणालाही सांगता आलं असतं, आवाज कुठून येतोय ते.

"पुन्हा एकदा लावा," ती फिटरला म्हणाली. "आवाज वाढवा." ती उठली, भिंतीपाशी गेली आणि टीव्हीचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला. रिसीव्हर चालूच होता.

खरखर सुरू झाली, आता मोठी. पुढून डावीकडून. आई हात मांडीवर ठेवून काळ्या पडद्याकडे पाहत होती. मधून. उजवीकडून. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. फिटरने कानावर हात घेतले. खोलीभर नुसता पाऊस कोसळत होता आणि त्याच्या मधोमध आई चेहऱ्यावर शहाण्या मुलीसारखं हसू घेऊन बसली होती, आपली पाळी येईल म्हणून वाट पाहत.

"अजून सुरू नाही केलंत का?" तिने विचारलं.

फिटरने हळूच आवाज बंद केला. टीव्ही बदलला, बार आणला, पाच स्पीकर आणले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. दोन शिकलेल्या मुलांनी इतकी वर्षं बाजार पालथा घातला, पण आईचे कान तपासावेत हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. थोरलीला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. धाकटा तोंड उघडं टाकून उभा होता. आई त्या तिघांचे चेहरे एकामागून एक बघत होती. तिचं हसू हळूहळू मावळलं.

आणि आत गोटू उठला. आधी कुरकुर, मग टाहो.

आई खाली वाकली आणि उठून ताडताड आतल्या खोलीकडे निघाली. कोणी हलायच्या आत ती दारातून आत गेलीसुद्धा.

"बघ," धाकट्याने मोठा श्वास सोडला. "ऐकू येतं तिला. गोटूचं ऐकू येतं की. तूही ना ताई, जीव घेतलास उगाच."

थोरलीलाही क्षणभर वाटलं, सुटलो. तिचे डोळे भरून आले. मग तिला आठवलं की आई उठण्याआधी वाकली होती. तिने खुर्चीपाशी पाहिलं. फरशीवर काळ्या वायरींच्या शेजारी ती पांढरी सुतळी पडली होती आणि तिच्या टोकाला एक फास होता. अंगठ्याएवढा. पायाच्या अंगठ्याएवढा. थोरली बघत असतानाच सुतळीने एक झटका खाल्ला. आत गोटू पाय झाडत होता.

तिने वाकून सुतळी उचलली.

आई गोटूला खांद्यावर घेऊन बाहेर आली. थोरलीने सुतळी हातात धरली होती. आईने ती पाहिली आणि दारातच थांबली.

"कधीपासून?" थोरलीने विचारलं.

"डावा कान तर केव्हाचाच गेलाय," आई म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ जास्त झालं हे सांगावं तसा. "उजव्याने गेल्या वर्षीपर्यंत बरं येत होतं."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस? आई, आम्ही काय परके आहोत?" धाकट्याचा आवाज चिरकला.

"सांगितलं असतं तर पोर दिलं असतंत का माझ्याकडे?" तिने गोटूच्या पाठीवर थोपटलं. "मी काही निष्काळजी नाही. सुतळीचं एक टोक पाळण्याला, एक माझ्या पायाला असतं. स्वयंपाकघरात गेले तर पाळणाच सोबत ओढून नेते, चाकं आहेत त्याला. याने नुसता पाय हलवला तरी मला कळतं. ऐकणाऱ्यांना कळणार नाही एवढं मला कळतं."

खरंच असेल, असं थोरलीला वाटलं. या बाईने दोन पोरं एकटीने वाढवली होती. तिचा राग निम्मा विरघळलाही. पण तेवढ्यात तो तापाचा दिवस तिच्यापुढे येऊन उभा राहिला. संध्याकाळी ती न्यायला आली तेव्हा गोटू पाळण्यात निपचित पडला होता, ओठ सुकलेले, आणि त्याने तिला बघून रडायला तोंड उघडलं तर आतून आवाजच निघाला नव्हता. नुसती हवा.

"मागच्या महिन्यात," ती म्हणाली. "त्याला ताप होता त्या दिवशी. एकदासुद्धा रडला नाही म्हणालीस."

आईचा थोपटणारा हात थांबला. गोटू तिच्या खांद्यावरून मान काढून स्पीकरकडे टकामका बघत होता.

"त्या दिवशी त्याने पाय हलवले नाहीत," ती म्हणाली.

फिटरने आपला पेचकस खिशात घातला आणि न सांगता जिन्यात जाऊन उभा राहिला. धाकटा मटकन सोफ्यावर बसला. थोरलीने पुढे होऊन गोटूला आईच्या खांद्यावरून काढून घेतलं. ओढून नाही, पण घेतलं. आईने लगेच हात सोडले. तिचे ते रिकामे हात थोडा वेळ तसेच हवेत राहिले, मग तिने ते पोटाशी धरले.

थोरली खिडकीकडे वळली. तिच्याच्याने आईकडे बघवेना. काचेकडे तोंड करून ती म्हणाली, "सोमवारपासून गोटू इथे राहणार नाही."

मग आईने धाकट्याला विचारलं, "काय म्हणाली रे?"

धाकट्याने मान खाली घातली.

"अगं, काय म्हणालीस? तोंड इकडे करून बोल."

इतके दिवस ज्याला वळण म्हणत होते ते हे होतं. थोरलीने गोटूला सावरलं आणि ती वळली. खुर्चीसमोर येऊन ती फरशीवर बसली, आईला आपला चेहरा नीट दिसेल अशी. आईही येऊन खुर्चीत बसली. तिचे डोळे लेकीच्या ओठांवर होते.

"सोमवारी मी रजा वाढवते," थोरली सावकाश म्हणाली. "सोमवारीच कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. मी येते तुझ्याबरोबर."

आईने मान हलवली.

"गोटू सध्या तुझ्याकडे एकटा राहणार नाही."

आईने याही वाक्याला मान हलवली. "बरोबर आहे. तुझ्या जागी मी असते तर मीही ठेवला नसता," ती म्हणाली. मग थोडं थांबून तिने विचारलं, "आणि यंत्र लावलं कानाला, तर? मग देशील?"

थोरलीला खोटं बोलता आलं असतं. नुसती मान वळवून काहीतरी पुटपुटता आलं असतं. घरातल्या सगळ्यांनी इतके दिवस नकळत तेच केलं होतं. पण तिने तोंड समोरच ठेवलं.

"माहीत नाही, आई."

आई तिच्या ओठांकडे पाहत राहिली. मग, आवाज आला की करायचा म्हणून फिटरने शिकवला होता तसा तिने हात वर केला.